लढाईचा गेम घरी नेताय? आधी सोंगट्या वेगळ्या करा

आठवड्यातून तीन-चार जण तरी दुकानात विचारतातच, मोबाईलवर लढाईचे गेम फुकट मिळतात की ओ, मग हा पुठ्ठ्याचा पट आणि शेकडो सोंगट्या कशाला? विचारा की, त्यात काही गैर नाही. पण काही जण एकदा भाड्यानं नेतात आणि परत आणून म्हणतात "मांडता मांडताच रात्र झाली, खेळणार कधी?" तेव्हा चूक बहुतेक एकच असते आणि ती गेमची नसते.

खोका उघडला की सोंगट्यांची शीट हातानं टराटरा ओढायची आणि सगळं एकाच पिशवीत ओतायचं, ही ती चूक. कॉम्प्युटरवर फौज आपोआप मांडून येते, त्याची सवय झालेली असते. इथं मांडणी तुमची तुम्हीच करायची, आणि चारशे सोंगट्यांच्या ढिगातून घोडदळाची एक निळी तुकडी शोधायची म्हणजे काय होणार ते बघा. शिवाय ओढून काढलं की पुठ्ठ्याचा वरचा कागद सुटतो आणि बेळगावच्या पावसाळ्यात सुटलेला कोपरा फुगतोच.

म्हणून शीट सपाट ठेवा, जोडाचे कोपरे कटरनं कापा, एका फौजेचं काम संपल्याशिवाय दुसरीला हात लावू नका. बऱ्याच गेममध्ये सोंगटी कुठल्या घरात उभी राहणार किंवा कितव्या टर्नला येणार हे तिच्यावरच छापलेलं असतं, ते बघून कप्प्यांत भरा. पहिल्यांदा तास जाईल, पुढच्या वेळी पंधरा-वीस मिनिटांत मांडून होतं. कप्प्यांच्या डब्या आमच्याकडे आहेत, पण घरात शिवणाच्या बटणांचा डबा असेल तर तोही चालतो.

भाड्याचा गेम परत आला की आम्ही तुमच्यासमोर सोंगट्या मोजतो, काहींना राग येतो. अविश्वास नाही ओ. एक तुकडी हरवली की पुढच्या माणसाची अख्खी लढाई चुकीची होते आणि ती एकटी सोंगटी इथं विकत मिळत नाही.

आता फुकटच्या गेमचं. हे पटावरचे लढाईचे खेळ मुळात पोरांसाठी आलेच नव्हते. प्रशिया म्हणजे जुन्या जर्मनीतलं एक राज्य, त्याच्या सैन्यातल्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं १८२४ साली नियम छापले, नकाशा, तुकड्यांचे ठोकळे, फासे आणि निकाल द्यायला एक पंच, अधिकाऱ्यांना शिकवायला म्हणून. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्सनं १९५४ ला असा पट विकायला काढला आणि १९६१ पासून षटकोनी घरं आली, कारण चौकोनात तिरकं अंतर जास्त पडतं, षटकोनात सहाही बाजूंना सारखंच. सोंगटीवरच्या खुणाही लष्करी नकाशातल्याच. कॅम्पातले एक रिटायर्ड सुभेदार साहेब आले होते, चौकोनातली फुली बघून लगेच म्हणाले, ही इन्फंट्री.

आणि खरी गंमत हिशोबात आहे. तुमची ताकद १२, समोरच्याची ४, म्हणजे तीनास एक. तो नदीपलीकडे असेल तर बऱ्याच गेममध्ये त्याची ताकद दुप्पट धरतात, ८ झाली, आणि १२ ला ८ हे खाली उतरवून एकास एकच मोजतात. मग त्या प्रमाणावर फासा टाकून निकाल. हरलात तर का हरलात ते टेबलावर दिसतं, नदी विसरलात म्हणून. कॉम्प्युटरवर हे सगळं आत होतं, तुम्हाला नुसता निकाल कळतो. दिवाळीत किल्ला करताना तोफ कुठल्या बुरुजावर यावरून भावाशी भांडलेल्याला हे वेगळं सांगायला नको, समोर माणूस बसलेला लागतो.

पहिल्यांदा नेत असाल तर मोठा खोका नेऊ नका, शंभराच्या आत सोंगट्या असलेला न्या, आम्ही काढून देतो. रविवारी सकाळी दुकानात असा एक पट मांडलेला असतो, या आणि दोन टर्न खेळून बघा, घ्यायलाच पाहिजे असं काही नाही. आणि परत आणताना फासे बघून आणा, ते सोफ्याखाली राहतात.