ओटीच्या गाठीत सेन्सर

पहिल्या वेचणीच्या दिवशी मी माझं फिटनेस घड्याळ वहिनीच्या मनगटावर बांधलं. दोन तासांनी पाहिलं, तर पावलांचा आकडा सात हजारांच्या वर. वहिनीने कापसाच्या तासाकडे, म्हणजे झाडांच्या ओळीकडे बोट दाखवलं. "भाऊजी, मी तं अजून याच तासात हाय. हे कुठं हिंडून आलं?"

घड्याळाला जे शिकवलं होतं, तेच ते करत होतं. त्याच्या पोटात इवलासा त्वरणमापक, म्हणजे वेगातला बदल टिपणारा सेन्सर असतो. चालताना माणसाचा हात एका ठेक्यात पुढे-मागे जातो. तो ठेका ओळखायचा आणि पावलं मोजायची, एवढं त्याला ठाऊक. बोंडातून कापूस ओढणारा हातही ठेक्यातच चालतो. पाय मात्र पऱ्हाटीपाशी उभे असतात.

नाडीचं गणित याहून नाजूक. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा कातडीत प्रकाश सोडतो. रक्त हा प्रकाश शोषून घेतं. ठोक्यागणिक बारीक वाहिन्यांत रक्त वाढतं, तेव्हा परत येणारा प्रकाश किंचित घटतो. हा फरक इतका थोडा असतो की मनगटाला झटका बसला तरी तो झाकला जातो. त्यात हात सेकंदाला एकदा ओढला गेला, तर मिनिटाला 60 झटके होतात. हा आकडा नाडीचाही असू शकतो! आणि समजा, नाडी बरोबर मोजली आणि ती 120 भरली, तर ती कामाने वाढली की उन्हाने? अंग थंड ठेवायला शरीर रक्त कातडीकडे वळवतं, त्यामुळे काम तेवढंच असलं तरी हृदयाला जास्त धावावं लागतं. हे डॉक्टर सांगेल, घड्याळ नाही.

अंगावर बाळगायची यंत्रं मुळात डॉक्टरकी आणि यंत्रविद्येच्या अशा देवाणघेवाणीतूनच आली. अमेरिकेतल्या मोंटानाचे नॉर्मन होल्टर जीवभौतिकीतले, म्हणजे भौतिकशास्त्राच्या अंगाने सजीवांचा अभ्यास करणारे. चालत्याफिरत्या माणसाच्या हृदयाची नोंद घ्यायची, या ध्यासाने त्यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीस जे यंत्र केलं, ते पाठीवर घ्यावं लागे आणि त्याचं वजन सुमारे 38 किलो होतं. चांगली वेचणारी बाई दिवसभरात साधारण तेवढा कापूस वेचते. आज हृदयरोगतज्ज्ञ 'होल्टर' लावतात तो खिशात मावतो.

खेळाडूसाठी अशी माणसं एकत्र येतात: डॉक्टर, इलेक्ट्रॉनिक्सवाला, संख्याशास्त्रज्ञ, प्रशिक्षक. वेचणीही शरीराचा कस पाहणारंच काम आहे, आणि तिच्यासाठी अशी मंडळी एका धुऱ्यावर यावीत असं मला मनापासून वाटतं. विदर्भात त्यांची वानवा नाही. सेवाग्रामला 1969 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतले अभियंते आहेत, अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे. त्यांच्यात एक शिंपीही हवा, कारण नाडी मोजणारा छातीचा पट्टा घामाने काचतो आणि बाई तो दुसऱ्या दिवशी घालत नाही. वेचणारी बाई तर पहिल्या बैठकीपासून हवी. यंत्र तयार झाल्यावर 'वापरून बघा' म्हणून तिच्या हातात देणं म्हणजे उशीर झाला.

हे मला त्याच दुपारी कळलं. वहिनीने विचारलं, "कंबरीचं मोजता येते का यात?" मनगटावरून कंबरेचं काय कळणार? पण फोनमध्येही त्वरणमापक असतो आणि माणूस स्थिर असला तरी गुरुत्वाकर्षण त्याला जाणवतं. म्हणून फोन किती कलला हे समजतं. मी फोन कापडात गुंडाळला आणि तिच्या ओटीची, म्हणजे वेचलेला कापूस टाकायला कमरेला बांधलेल्या झोळीची गाठ पाठीमागे येते तिथे घट्ट बसवला. अर्धा तास नोंद घेतली.

संध्याकाळी ओसरीत आलेख उघडला. वाकणं, उठणं, पुन्हा वाकणं, करवतीच्या दात्यांसारखी रेघ. पण हे दाते हळूहळू एका बाजूला सरकत गेले होते. गाठ ढिली होऊन फोन घसरला असावा, असं समजून मी तो भाग कापायला निघालो. वहिनी शेजारी बसून कापसातला कचरा काढत होती. तिने मान वर करून पाहिलं.

"तो नका कापू. ओटी भरत आली का वजन पुढं ओढते, मंग कंबर मांगं न्या लागते. तिथूनच दुखाले लागते."

मी रेघ तशीच ठेवली आणि ओटी किती वाजता भरली होती, ते तिला विचारून खाली लिहून घेतलं.