गोल्फमधील अंतरमापक यंत्र

गोल्फमधील अंतरमापक यंत्र : चेंडू पडला आहे तिथून ग्रीन (खळग्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ), खळग्यात रोवलेला झेंडा, बंकर (वाळूचा खड्डा) किंवा पाणी किती लांब आहे हे दाखवणारे उपकरण. लेसर दुर्बीण आणि जीपीएस हे त्याचे दोन मुख्य प्रकार. जीपीएस यंत्र मनगटी घड्याळ, हातात धरायचा छोटा संच किंवा मोबाइल ॲप अशा रूपांत मिळते. अंतर यार्डांत सांगण्याची रीत भारतीय मैदानांवरही रुळलेली आहे (१ यार्ड = ०.९१४४ मीटर).

अंतर मोजून खेळण्याची पद्धत या यंत्रांपेक्षा जुनी आहे. १९६१ मध्ये पेबल बीच येथील अमेरिकन हौशी अजिंक्यपद स्पर्धेत गोल्फपटू डीन बीमन यांच्या सल्ल्यावरून जॅक निकलस यांनी पावलांनी अंतरे मोजून टिपून ठेवली आणि ते ती स्पर्धा जिंकले. पुढे अशा टिपणवह्या व्यावसायिक खेळात सर्रास वापरात आल्या. मे २००० मध्ये अमेरिकी सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली आणि उपग्रहावरून गोल्फची अंतरे काढणे उपयोगाचे ठरले.

लेसर दुर्बीण प्रकाशाचे स्पंद सोडते आणि ते आदळून परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढते. १५० यार्डांवरच्या झेंड्यापर्यंत जाऊन यायला प्रकाशाला एक मायक्रोसेकंदही लागत नाही. चांगल्या दुर्बिणीचा आकडा यार्डभराच्या आत बरोबर असतो. अडचण असते ती हाताची. त्या अंतरावर हात एका अंशाने हलला, तर नेम अडीच यार्ड बाजूला सरकतो आणि झेंड्याऐवजी मागच्या झाडाचे अंतर पडद्यावर येते. म्हणून बऱ्याच दुर्बिणींत जवळचे लक्ष्य आधी पकडण्याची सोय असते, आणि झेंडा सापडला की काही यंत्रे थरथरून कळवतात. तरीही दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे जुळले तरच विश्वास ठेवावा. दाट धुक्यात किंवा मुसळधार पावसात प्रकाश विखुरतो, तेव्हा ही दुर्बीण हमखास दगा देते. सह्याद्रीलगतच्या मैदानांवर पावसाळ्यात खेळणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे.

जीपीएस यंत्राला झेंडा दिसत नाही. मैदानाचा नकाशा त्यात आधीच भरलेला असतो आणि यंत्र आपली जागा ओळखून ग्रीनची पुढची कड, मध्य आणि मागची कड अशी तीन अंतरे देते. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलची जागा साधारण ४.९ मीटर त्रिज्येच्या आत बरोबर असते, म्हणजे चूक पाचेक यार्डांची. चेंडू मारायच्या काठीला क्लब म्हणतात आणि धातूच्या चपट्या डोक्याच्या, क्रमांक दिलेल्या क्लबांना आयर्न. लागोपाठच्या दोन आयर्नांमध्ये साधारण दहा यार्डांचा फरक धरला, तर ही चूक अर्ध्या क्लबाची झाली. मात्र ग्रीन पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत तीस यार्ड असेल, तर झेंडा पुढे आहे की मागे यावरूनच दोन-तीन क्लबांचा फरक पडतो, आणि त्या दिवशी झेंडा कुठे रोवला आहे हे घड्याळाला ठाऊक नसते. मैदानाची फेररचना झाली आणि नकाशा जुनाच राहिला, तर आकडे सरळ चुकीचे ठरतात. घेण्यापूर्वी आपले नेहमीचे मैदान त्या यंत्राच्या यादीत आहे का आणि नकाशे पुढे फुकट अद्ययावत होतात की वार्षिक वर्गणी पडते, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दोन्हींतले काय घ्यावे? दुकानात लेसरचा अचूक आकडा भुरळ घालतो. पण बहुतेक हौशी खेळाडूंना आधी घड्याळच घ्यायला सांगावेसे वाटते. हौशी खेळाडूचा आयर्नचा फटका आज १४०, उद्या १२५ यार्ड जातो. त्याला झेंड्याचे अंतर यार्डभर अचूक कळून फारसे साधत नाही. बंकर ओलांडायला किती हवे आणि ग्रीनची मागची कड कुठे संपते, या दोन आकड्यांनी त्याचे फटके वाचतात. झेंडा टेकाडाआड किंवा वळणाच्या पलीकडे असेल, तर लेसरला तो दिसतच नाही. घड्याळ तिथेही आकडा देते. फटक्यांत सातत्य आलेल्या आणि वेजने (जवळच्या, उंच फटक्यांच्या क्लबने) थेट झेंड्यावर मारणाऱ्या खेळाडूला मात्र लेसरच हवा. ज्याचे अंतर मोजायचे त्याच्यावरच तो रोखता येतो, मग ते झाड असो की बंकरची कड. कोणतेही यंत्र घ्या, आपला प्रत्येक क्लब चेंडू हवेतून किती लांब नेतो हे सरावाच्या जागी मोजलेले नसेल, तर पडद्यावरच्या आकड्याचे करायचे काय हेच कळत नाही.

भारतात कॅडीचा (खेळाडूचे क्लब वाहणाऱ्या आणि सल्ला देणाऱ्या सोबत्याचा) अनुभव हाही अंतरमापनाचा भाग आहे. पुण्याजवळच्या ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्टसारख्या डोंगरी मैदानावर जाणता कॅडी ‘एकशे चाळीस आहे, पण चढ आहे, एक क्लब वाढवा’ असे सांगतो, तेव्हा त्याने अंतरात चढही धरलेला असतो. ढोबळ हिशेबाने एक मीटर चढाला एक मीटर अंतर वाढवतात, उताराला तेवढेच कमी करतात. उतार मोजणारे लेसर असाच हिशेब करतात, आणि नियमांची अडचण इथेच येते.

गोल्फच्या २०१९ पासूनच्या नियमांनुसार (नियम ४.३) अंतर मोजायला सरसकट मुभा आहे, स्पर्धा समिती स्थानिक नियम करून ती काढून घेऊ शकते. २०२१ मध्ये किआवा आयलंडवरील पीजीए चॅम्पियनशिपमध्ये पुरुषांच्या मेजर (चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एका) स्पर्धेत अशा यंत्रांना पहिल्यांदा परवानगी मिळाली. उंचीतला फरक मोजणे मात्र नियमबाह्यच आहे. ती सोय असलेले यंत्र जवळ असले तरी चालते, फक्त फेरीत ती वापरायची नाही. पहिल्या उल्लंघनाला स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून खेळताना) दोन फटक्यांचा दंड, मॅच प्लेमध्ये (एकेका होलची, म्हणजे खळग्याची, हारजीत मोजून खेळताना) त्या होलवर हार आणि दुसऱ्या उल्लंघनाला स्पर्धेतून बाद. स्पर्धा खेळणाऱ्याने उताराची सोय बंद आहे की चालू हे बाहेरून दिसेल असेच यंत्र घ्यावे, म्हणजे सोबतच्या खेळाडूलाही शंका राहत नाही.