लग्नातल्या कुंद्यानं वाढलेलं वजन

बेळगाव-खानापूरकडे डाएट करणाऱ्यांत एक समज पक्का आहे: लग्नात मांडे-कुंदा झाला नि सकाळी काटा दीड किलो वर गेला, म्हणजे तेवढी चरबी चढली; आता पाणी कमी प्यायचं. दोन्ही चूक. किलोभर चरबीला गरजेपेक्षा साधारण ७,७०० कॅलरी जादा लागतात. एवढा कुंदा एका पंगतीत कुणाला जाणार? वाढतं ते बहुतेक पाणीच. लोणचं-पापडातलं मीठ ते धरून ठेवतं. गोडधोडातली साखर शरीरात ग्लायकोजेन म्हणून साठते; त्याच्या दर ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी येतं. पाळीआधीही काटा असाच चढतो. पाणी तोडलंत तर शरीर ते उलट राखूनच ठेवतं. नेहमीच्या जेवणावर या, दोन-चार दिवसांत उतरेल. पायावर बोट दाबून खड्डा राहत असेल किंवा दम लागत असेल, तर मात्र डॉक्टर गाठा.