"आधी वाचायला येऊ दे, कविता नंतर बघू"

पालकसभेत हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय. पहिली-दुसरीतली कविता म्हणजे नुसती करमणूक, असा समज त्यामागे असतो. तो चुकीचा आहे.

वाटी, पाटी, माती. यात वेगळा शब्द कोणता? सहा वर्षांचं मूल 'माती' म्हणालं, की समजायचं, 'टी' आणि 'ती' त्याच्या कानाने वेगळे केले. यमक जुळवताना मूल शब्द फोडायला शिकतं आणि वाचनाला नेमकं हेच लागतं.

ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी इंग्रजी बोलणाऱ्या चार-पाच वर्षांच्या सुमारे ४०० मुलांचा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांना यमक आणि अनुप्रास चटकन ओळखता येत होते, ती मुलं पुढे वाचनात सरस ठरली. त्यांतल्या काही मुलांकडून ध्वनी ओळखण्याचा सरावही करून घेतला; त्या सरावाला अक्षरांची जोड दिली, तेव्हा फायदा सर्वांत जास्त दिसला.

म्हणून कविता टाळ्या वाजवत म्हणून घ्या आणि लगेच तिच्यातले जुळणारे शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहा. भावार्थ विचारायची घाई मात्र करू नका, आधी चाल तोंडात बसू दे.