विल्यम्स उर्फ क्रॉमवेल

पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद घडवून पुढे इंग्लंडचा सर्वेसर्वा झालेला ऑलिव्हर क्रॉमवेल बापाच्या वंशाने पाहिला तर क्रॉमवेल नव्हताच. तो विल्यम्स. क्रॉमवेल हे आडनाव त्याच्या पणजोबाने मामाकडून घेतले होते, तेही मामाची चलती असताना. घराण्याचे रक्त म्हणून मिरवली जाणारी इंग्रजी आडनावे कितीदा सोयीने लावली आणि सोयीने काढली गेली, हे या एका नावात जितके उघड दिसते तितके क्वचितच दिसत असेल.

नाव मुळात गावाचे. नॉटिंगहॅमशायरमध्ये ट्रेंट नदीजवळ क्रॉमवेल नावाचे छोटेसे गाव आहे. 1086 च्या डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यम राजाने करवून घेतलेल्या जमिनीच्या पाहणीत, त्याची नोंद आहे. तिथल्या जमीनदारांना गावाचे नाव चिकटले आणि पुढे ते बॅरन, म्हणजे उमराव, झाले. त्यांच्यातला सर्वांत मोठा माणूस राल्फ क्रॉमवेल. सहाव्या हेन्रीच्या काळात 1433 ते 1443 अशी दहा वर्षे तो राज्याचा खजिनदार होता. लिंकनशायरमधल्या टॅटरशॉल इथे त्याने लाल विटांचा उंच बुरूज बांधला आणि आतल्या दगडी शेकोट्यांवर खजिनदाराच्या थैल्या कोरून घेतल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या शेकोट्या उखडून विकल्या गेल्या होत्या. 1911 मध्ये लॉर्ड कर्झनने, हो, बंगालच्या फाळणीवाल्याच कर्झनने, वास्तू विकत घेतली आणि शेकोट्या शोधून परत बसवल्या. राल्फ मात्र 1456 मध्ये निपुत्रिक वारला.

इतिहासात गाजलेले क्रॉमवेल या घराण्यातले आहेत, असे सिद्ध करता येत नाही. ते निघाले लंडनजवळच्या पटनीतून. तिथे वॉल्टर नावाचा माणूस लोहारकाम करी, कापड घोटण्याचा धंदा करी, बिअरही गाळी, आणि बिअरविषयीचे नियम मोडल्याबद्दल वरचेवर दंड भरी. कागदोपत्री तो कुठे क्रॉमवेल आहे, तर कुठे स्मिथ. त्याचा मुलगा थॉमस आठव्या हेन्रीचा उजवा हात बनला. इंग्लंडमधले मठ बंद करून त्यांच्या जमिनी राजाच्या ताब्यात आणण्याचे काम 1536 पासून त्याच्या देखरेखीखाली झाले.

थॉमसची बहीण कॅथरीन हिने मॉर्गन विल्यम्स या पटनीत स्थायिक झालेल्या वेल्श माणसाशी लग्न केले. वेल्समध्ये तेव्हा बापाचे नाव पुढे लावण्याची रीत होती आणि ते दर पिढीला बदले. त्यामुळे विल्यम्स हेही काही पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आडनाव नव्हते. त्यांचा मुलगा रिचर्ड मामाच्या चाकरीत शिरला आणि क्रॉमवेल म्हणवून घेऊ लागला. नावाबरोबर वैभवही आले. हंटिंग्डनजवळचा हिंचिंगब्रुकचा मठ आणि रॅम्झीच्या मठाची विस्तीर्ण जमीन त्याच्या पदरात पडली. पुढे राजाची थॉमसवर खप्पामर्जी झाली आणि 28 जुलै 1540 रोजी त्याचा शिरच्छेद झाला. पुतण्या-भाच्यांनी अशा वेळी नाव टाकून मोकळे व्हावे, हे साहजिक होते. रिचर्डने ते टाकले नाही, आणि विशेष म्हणजे राजाची त्याच्यावरची मर्जीही उडाली नाही. मृत्युपत्रात मात्र तो स्वतःला विल्यम्स उर्फ क्रॉमवेल म्हणवतो. मालमत्तेच्या कागदात कुणी खोट काढू नये म्हणून दोन्ही नावे लावण्याची ही पद्धत पुढच्या पिढ्यांच्या दस्तऐवजांतही टिकली.

अशी अदलाबदल एकट्या क्रॉमवेलांनी केली असे नाही. 1803 मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला मराठ्यांशी लढलेल्या आर्थर वेलस्लीचे आजोबा मूळचे रिचर्ड कॉली. 1728 मध्ये आयर्लंडमधली वेस्ली नातलगाची इस्टेट मिळाली, तेव्हा ते वेस्ली झाले. वेस्लीचे वेलस्ली तर भारतात आल्यावर, 1798 मध्ये झाले.

ऑलिव्हर 1599 मध्ये हंटिंग्डनला जन्मला, तोवर घराण्याची श्रीमंती ओसरू लागली होती. हिंचिंगब्रुकचा वाडा त्याच्या काकाने 1627 मध्ये विकला. पुढचे ठाऊक आहेच: यादवी युद्ध, 1649 मध्ये राजाचा वध, 1653 पासून लॉर्ड प्रोटेक्टरपद, म्हणजे राजाच्या जागी राज्याचे प्रमुखपद. त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांत राजेशाही परतली. 1661 मध्ये त्याचे प्रेत उकरून टायबर्नला, लंडनमधल्या फाशीच्या जागी, लटकवले आणि मुंडके वेस्टमिन्स्टर हॉलवर टांगले.

आता नाव जड झाले. ऑलिव्हरच्या काकाची शाखा यादवीत राजाच्या बाजूची होती. तिच्यातल्या वारसाने सरळ विल्यम्स हे आडनाव पुन्हा लावले. ज्या नावाने जमिनी मिळवून दिल्या, तेच टाकले गेले. ऑलिव्हरचा मुलगा रिचर्ड, काही महिन्यांचा प्रोटेक्टर, परदेशात जॉन क्लार्क या नावाने राहिला. तो 1712 मध्ये वारला. ऑलिव्हरच्या धाकट्या मुलाचा, हेन्रीचा, वंश मात्र क्रॉमवेलच राहिला, वकिली-व्यापारात रमला. त्यातला शेवटचा पुरुष, नावाने पुन्हा ऑलिव्हर, पूर्वजाचे चरित्र छापून 1821 मध्ये गेला. जावयाला ते आडनाव लावू द्यावे, ही विनंती दरबाराने फेटाळली, अशी हकीकत सांगतात.

राजघराण्याची अढी मात्र खरीच. नौदलमंत्री असताना चर्चिलने एका युद्धनौकेला ऑलिव्हर क्रॉमवेलचे नाव सुचवले आणि पाचव्या जॉर्जने ते साफ नाकारले. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्याला क्रॉमवेल नाव देताना कुणी आडवे आले नाही, आणि 1944 मध्ये ते रणगाडे नॉर्मंडीत लढले.