दोन कड्यांचं दार

फ्लॅशने काढलेल्या फोटोत बाळाच्या डोळ्याची बाहुली पांढरी चमकली, तर थांबू नये, लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. दर वेळी काही गंभीर निघेलच असं नाही. पण ती रेटिनोब्लास्टोमाची, म्हणजे दृष्टिपटलाच्या कर्करोगाची खूण असू शकते. हा आजार काही मुलांना एकाच डोळ्यात होतो, काहींना दोन्ही डोळ्यांत. आणि दोन्ही डोळ्यांत होणारा सहसा लवकर दिसतो. असं का?

हे कोडं आल्फ्रेड नूडसन यांनी सोडवलं. ते मुलांचे डॉक्टर. पण डॉक्टर झाल्यावर पुन्हा विद्यार्थी होऊन त्यांनी १९५६ साली अमेरिकेतल्या कॅल्टेक या विज्ञानसंस्थेतून पीएचडी मिळवली. पुढे ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयातल्या ४८ मुलांचे केसपेपर त्यांनी अभ्यासले. कोणत्या वयात निदान झालं, एका डोळ्यात की दोन्ही, घरात आधी कुणाला होतं का, एवढीच माहिती. ती त्यांनी आलेखावर मांडली. दोन्ही डोळ्यांत आजार असलेल्या मुलांचे बिंदू सरळ रेषेत आले, एकाच डोळ्यात असलेल्यांची रेषा मात्र वाकली. सरळ रेषेचा अर्थ एकच घटना घडायची बाकी आहे. वाकलेल्या रेषेचा अर्थ दोन घडाव्या लागतात.

दाराला दोन कड्या असाव्यात, तसं हे आहे. जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून, आणि दोन्ही बिघडल्याशिवाय पेशी बेफाम वाढत नाही. काही बाळांच्या प्रत्येक पेशीत एक कडी जन्मतःच निघालेली असते. दृष्टिपटलात लाखो पेशी. त्यांपैकी एखादीची दुसरी कडी निघणं जवळपास ठरलेलंच. बाकीच्या मुलांत एकाच पेशीत दोन्ही कड्या निघाव्या लागतात. हा योग दुर्मीळ, म्हणून आजार उशिरा आणि एकाच डोळ्यात.

नूडसन यांचा हा शोधनिबंध १९७१ साली छापून आला. कर्करोग रोखणारं एकही जनुक तोवर कुणी हाती धरलेलं नव्हतं! तेराव्या गुणसूत्रावरचं ते जनुक १९८६ साली वेगळं काढता आलं, आणि कड्या खरोखर दोनच निघाल्या. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते: जुन्या केसपेपरांतून त्यांनी न दिसलेलं जनुक ओळखलं. १९९८ साली त्यांना वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला.

आज जन्मतःच एक कडी निघालेलं मूल असलेल्या घरात दुसरं बाळ जन्मलं की त्याची जनुकीय तपासणी करता येते. घरातला दोष त्याच्यात नसेल, तर भूल देऊन पुन्हा पुन्हा डोळे तपासण्याच्या फेऱ्यांतून ते सुटतं.