क्विल्टमधल्या बारीक रेघा आल्या कुठून?

मोठं मोकळं कापड आणि त्यातून तिरकी गेलेली पाव इंची रंगीत रेघ, अशा क्विल्ट (म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेल्या गोधड्या) आता खूप दिसतात आणि सगळं श्रेय मॉडर्न डिझाइनला जातं. मला वाटतं पहिलं नाव अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या सेमिनोल या मूळनिवासी जमातीतल्या बायकांचं घ्यायला हवं. एव्हरग्लेड्सच्या दलदलीत राहणाऱ्या या बायकांकडे व्यापाऱ्यांमार्फत हाताने फिरवायची शिलाई मशीन आली, आणि 1910-20 च्या आसपास त्यांनी पॅचवर्कची, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून नक्षी करण्याची, स्वतःची पद्धत बसवली. सुटे बारीक तुकडे जोडत बसायचंच नाही. आधी लांब पट्ट्या एकमेकींना शिवायच्या, मग तो जोडलेला पट्टा आडवा किंवा तिरका कापायचा, आणि ते काप थोडे सरकवून परत शिवायचे, म्हणजे एवढेएवढे चौकोन नि रेघा हातात सुटा तुकडा न धरता तयार! हे सगळं घागरे आणि शर्टांसाठी होतं, क्विल्टसाठी नाही. 1928 ला टामियामी ट्रेल रस्ता झाला, टुरिस्ट यायला लागले आणि हे काम विकलं जाऊ लागलं.

क्विल्टवाल्यांनी पट्ट्या आधी शिवून मग कापायची ही रीत 1970 नंतर जोरात उचलली. 1979 ला जपानच्या ओल्फा कंपनीचा रोटरी कटर आला, गोल पातं, खाली मॅट, वर मोजपट्टी, की कापडाचे चार थर एकदम सरळ कापले जातात. त्याच वर्षी ओहायोत क्विल्ट नॅशनल हे प्रदर्शन सुरू झालं, ते सुरू करणाऱ्यांत क्विल्ट कलाकार नॅन्सी क्रो होत्या. पुढे त्या मोजपट्टी न लावता मोकळ्या हाताने कापायला लागल्या, म्हणून त्यांच्या रेघांना किंचित बाक असतो आणि तोच मला सगळ्यात आवडतो.

रेघ बारीक करणं अवघड का, तर मायेमुळे, म्हणजे शिवणीच्या आत जाणाऱ्या कडेच्या कापडामुळे. दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच माया जाते, त्यामुळे पाव इंची रेघेसाठी पाऊण इंचाची पट्टी कापावी लागते, आणि शिवण दोऱ्याएवढी जरी हलली तरी रेघ जाडबारीक दिसते. म्हणून दुसरी शिवण कापडाच्या कडेपासून न मोजता पहिल्या शिवणीपासून मोजतात. दोन तिरक्या रेघा एकमेकींवरून न्यायच्या असतील तर अजून एक गंमत आहे, ब्लॉक (क्विल्टचा एक चौकोन) कापून मध्ये पट्टी घालून परत जोडताना ब्लॉकचा अर्धा इंच मायेत जातो, म्हणून एक इंची पट्टी घातली तरच तो भरून निघतो. पट्टी त्याहून बारीक असली की आधीची रेघ छेदाच्या जागी तुटल्यासारखी दिसते, मग कापलेले भाग हाताने सरकवून जुळवावे लागतात.